खनिजांचे नमुने आणि रत्नखडे जमवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खनिजाचा नमुना आणि रत्न यांत नेमका फरक काय?

जमिनीतून जसा निघाला तसा राहिला तो नमुना. पैलू पाडले, झिलई दिली, दागिन्यात बसवण्याजोगा केला की तोच दगड रत्न होतो. कुरुंदाचेच बघा. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन एवढ्या दोनच मूलद्रव्यांचे हे खनिज. त्यात क्रोमियमचा किंचित अंश शिरला की माणिक, लोह आणि टायटॅनियम शिरले की नीलम, आणि मळकट, अपारदर्शक निघाले तर त्याची रवानगी सरळ घासकागदाच्या कारखान्यात. पण त्याच मळकट कुरुंदाचा सहा बाजूंचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला अखंड स्फटिक आपल्या मूळ खडकात बसलेला मिळाला, तर संग्राहकाला तो पैलूदार खड्याइतकाच, कधी कधी जास्तच मोलाचा वाटतो. स्फटिक कसा वाढला, शेजारी कोण होते, आधी काय तयार झाले आणि नंतर काय, हे सगळे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. पैलू पाडताना ते पुसले जाते.

म्हणून एक विनंती. चांगला स्फटिक हाती लागला तर ‘जरा पॉलिश करून घेऊ’ हा मोह आवरा.

सुरुवात कुठून करावी?

आधी बघण्यापासून. एखाद्या भूशास्त्र संग्रहालयात निवांत फिरा आणि आपली नजर कुठे रेंगाळते ते पाहा. मान्यताप्राप्त खनिजांची संख्या आज सहा हजारांच्या आसपास आहे. त्यातली बरीचशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही तर एकाच ठिकाणी सापडलेली आहेत. ‘सगळी जमवीन’ म्हणणारा दोन वर्षांत कंटाळतो. त्यापेक्षा एखादा धागा धरावा. एकच खनिज निरनिराळ्या ठिकाणांहून जमवता येते. त्यासाठी कॅल्साइटसारखा विषय नाही, इतकी रूपे तो घेतो. किंवा एका मूलद्रव्याचे कुटुंब घ्या : तांब्याचे मॅलॅकाइट, ॲझुराइट, क्यूप्राइट, डायोप्टेज. काहीजण फक्त नखाएवढे नमुने ठेवतात, काहीजण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. जागा कमी असेल तर हा शेवटचा मार्ग खरोखर सोन्यासारखा आहे, कारण छोटे स्फटिक मोठ्यांपेक्षा जास्त निर्दोष असतात.

यंत्रात फिरवून गुळगुळीत केलेल्या रंगीत खड्यांची पाकिटे मिळतात. मुलांना हाताळायला ठीक, पण त्यांवर शिकता काही येत नाही. स्फटिकाचे कोन, पृष्ठभाग, पाटन (म्हणजे ठराविक सपाट पातळ्यांवर फुटण्याच्या खुणा) सगळे घासून गेलेले असते.

खरेदी करायचीच तर पहिली वस्तू दहा पटींचे भिंग. ते डोळ्याला चिकटवून धरायचे आणि दगड भिंगाजवळ आणायचा. भिंग हातभर लांब धरून बघणारा नवखा लगेच ओळखू येतो.

प्रत्येक नमुन्यासोबत चिठ्ठी हवीच का?

हवीच. या पानावरचे बाकी सगळे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका.

कॅव्हन्साइट हे निळेशार खनिज उदाहरणादाखल घेऊ. त्याचे वर्णन १९७३ साली अमेरिकेतल्या ओरेगनमधल्या नमुन्यांवरून प्रसिद्ध झाले. पण जगभरच्या कपाटांत त्याचे जे सुंदर निळे गोळे दिसतात ते बहुतेक पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. आता एका चिठ्ठीवर ‘कॅव्हन्साइट, वाघोली, जिल्हा पुणे, अमुक खाण’ असे आहे आणि दुसरीवर नुसते ‘निळे खनिज, भारत’. दोन्ही दगड अगदी जुळे असले तरी पहिला अभ्यासाला उपयोगी आहे, दुसरा फक्त शोभेला. शिवाय खाणी काही कायम राहत नाहीत. नामिबियातली त्सुमेबची खाण १९९६ मध्ये बंद झाली. तिथले ॲझुराइट आणि डायोप्टेज यांचे जेवढे नमुने बाहेर आले, त्यांच्याच देवघेवीवर आता भागवायचे. असा नमुना आणि त्याचे गाव यांची एकदा ताटातूट झाली की पुन्हा जोडणी करणे तज्ज्ञालाही बहुधा जमत नाही.

चिठ्ठीवर काय लिहायचे? खनिजाचे नाव, सोबत असलेली खनिजे, खाण किंवा विहीर किंवा टेकडी, गाव, जिल्हा, देश, सापडल्याची तारीख, कोणाकडून आला, आणि त्यावर काही केले असेल तर तेही. फोनवर अक्षांश-रेखांश मिळतात, तेही टिपून ठेवा. लिहायला पेन्सिल किंवा न पुसणारी शाई वापरा; जेल पेनाचे अक्षर काही वर्षांत उडते. आधीच्या मालकाची चिठ्ठी कितीही कळकट असो, त्यावरचे नाव चुकीचे का असेना, ती फेकू नका. तिच्यासोबत आपली नवी ठेवा. चार पिढ्यांच्या चार चिठ्ठ्या असलेले नमुने असतात, आणि लोक त्या चिठ्ठ्यांसाठीही हळहळतात.

चिठ्ठ्या कधीतरी सरमिसळ होतातच. त्यावर जुना उपाय असा : दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, तो वाळला की त्यावर बारीक टाकाने क्रमांक घाला, वर पारदर्शक लेप फिरवा. तोच क्रमांक वहीत टिपा. वही संगणकात असली तरी तिची छापील प्रत कपाटात राहू द्या.

रंगावरून खनिज ओळखता येते का?

क्वचितच. गंधक पिवळे, मॅलॅकाइट हिरवे, ॲझुराइट निळे, एवढ्यावर विश्वास ठेवा. फ्लोराइट, क्वार्ट्ज, कॅल्साइट, तुरमाळी हे बहुरूपी आहेत. त्यांच्या रंगावर जाल तर फसाल.

मग ओळखायचे कसे?

एका कसोटीवर विसंबू नका, तीन-चार एकत्र लावा.

काठिण्याची श्रेणी फ्रीड्रिख मोस याने १८१२ मध्ये मांडली : संगजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्ज ७, पुष्कराज ८, कुरुंद ९, हिरा १०. हे नुसते क्रम आहेत, मापे नव्हेत. ९ आणि १० मधले अंतर खालच्या सगळ्या अंतरांपेक्षा मोठे. आपले नख अडीच, साधी काच साडेपाचच्या आसपास. ओरखडा काढायचा तो तळाला, तुटक्या कडेला. चांगल्या स्फटिकाच्या तोंडावर कधीच नाही. ओरखडा उठला असे वाटले तर बोटाने पुसून बघा. पुष्कळदा मऊ वस्तूचीच पूड दगडावर बसलेली असते.

कस पाहणे सोपे. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर खनिज घासायचे आणि पुडीचा रंग पाहायचा. हेमॅटाइट काळेभोर, चकचकीत असले तरी त्याचा कस गेरूसारखा तांबडा उमटतो. पायराइट सोन्यासारखे दिसते, कस मात्र हिरवट काळा. सोन्याचा कस सोनेरीच. फरशीपेक्षा कठीण खनिजांचा कस उमटत नाही, तिथे ही कसोटी संपली.

पाटन म्हणजे खनिज ठराविक सपाट पातळ्यांवर फुटते तो गुण. अभ्रक एकाच दिशेने पापुद्र्यांत सुटते, कॅल्साइट तीन दिशांनी फुटून तिरक्या ठोकळ्यांसारखे तुकडे देते, फ्लोराइटचे कोपरे चार दिशांनी उडतात. क्वार्ट्जला पाटन जवळजवळ नाहीच. ते काचेसारखे, शिंपल्याच्या वळ्यांसारखे फुटते. मुद्दाम फोडून बघायची गरज नाही, जुन्या फुटक्या कडेवर भिंग धरले की पुरते.

आणि माझी आवडती कसोटी : विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड आहे ते. लोकांना वाटते यासाठी प्रयोगशाळा हवी. ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा, पेलाभर पाणी आणि दोरा, एवढे पुरे. समजा तुमच्याकडे पिवळसर, पारदर्शक, पैलू न पाडलेला खडा आहे आणि विकणारा त्याला पुष्कराज म्हणतो. आधी खडा कोरडा तोलला, ५३.० ग्रॅम भरला. आता पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, हातात तोलून धरा. अंगाला चिकटलेले बुडबुडे हलवून घालवा. काटा आता दाखवतो तो बाजूला सरलेल्या पाण्याचा भार. तो २०.० ग्रॅम आला तर ५३ भागिले २०, म्हणजे २.६५. हा क्वार्ट्जचा आकडा; खडा सिट्रीन, म्हणजे पिवळे क्वार्ट्ज निघाला. पुष्कराज असता तर भागाकार साडेतीनच्या आसपास आला असता, म्हणजे काट्याने पंधराच ग्रॅम दाखवले असते. कुरुंद ४.०, फ्लोराइट ३.१८, कॅल्साइट २.७१, गॅलेना ७.५. खडा मूळ खडकाला चिकटलेला असेल किंवा फारच लहान असेल तर ही पद्धत चालत नाही.

स्वतः जाऊन नमुने शोधायचे आहेत. काय पाळावे?

पहिली गोष्ट परवानगी. जमीन कोणाची तरी असते, खाण कोणाच्या तरी ताब्यात असते, आणि राष्ट्रीय उद्याने व संरक्षित स्थळे यांत दगड उचलणे बहुतेक देशांत गुन्हा आहे. दुसऱ्या देशातून नमुना आणायचा तर निर्यातीचे नियम आधी बघा.

खाणीच्या उभ्या कड्याखाली उभे राहू नका; वरून सुटणारा धोंडा आवाज करून येत नाही. टाकाऊ दगडांच्या ढिगात शोधणे जास्त सुरक्षित, आणि खरे सांगायचे तर बऱ्याचदा जास्त फायद्याचे. शिरस्त्राण आणि डोळ्यांवर गॉगल हवेच. भूशास्त्रज्ञाचा हातोडा वापरा, सुताराचा नको, आणि एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीही मारू नका, पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते. सोडून दिलेल्या खाणीच्या बोगद्यात तर पाऊलच ठेवू नये. आत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

लाव्हाच्या खडकात पोकळी सापडली, आत झिओलाइट (अशा पोकळ्यांत वाढणाऱ्या, अंगात पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजांचा गट) चमकले, की हात शिवशिवतात. स्फटिक उपटू नका. त्याच्या भोवतीच्या खडकासकट, ऐसपैस जागा सोडून तुकडा काढा. जास्तीचा खडक घरी कापता येतो; तुटलेला स्फटिक परत उगवत नाही. प्रत्येक नमुना वेगळ्या कागदात गुंडाळा आणि चिठ्ठी तिथेच, त्याच कागदात घाला. घरी जाऊन लिहू म्हणाल तर दहा दगडांतला कोणता कुठला हे आठवणार नाही. स्कोलेसाइट, मेसोलाइट या झिओलाइटांच्या केसासारख्या सुयांना कागद किंवा कापूस लागताच त्या मोडतात. असा नमुना डब्यात तळाशी घट्ट बसवून वरचा भाग मोकळा ठेवून आणावा लागतो.

नमुने धुवायचे कसे?

शक्य तितके कमी. आधी कोरडा मऊ ब्रश, मग साधे पाणी आणि जुना टूथब्रश. बहुतेक क्वार्ट्ज, तुरमाळी, गार्नेट एवढ्यावर स्वच्छ होतात. पाणी खोलीच्या तापमानाचे असू द्या. फ्लोराइटवर गरम पाणी ओतले तर आतून तडे जातात. नैसर्गिक गंधकाचे स्फटिक तर हाताच्या उबेनेही तडतडतात.

पाण्यात घालायचेच नाहीत असेही काही आहेत : सैंधव, टाकणखार, मोरचुदाचे निळे स्फटिक. ते विरघळतात. बारीक सुयांच्या झिओलाइटांवर ब्रशही नको, फोटोवाल्यांचा हवेचा फुगा पुरे.

क्वार्ट्जवरचे गंजासारखे तांबूस डाग ऑक्झॅलिक आम्लात उतरतात. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांब ठेवा, आणि नंतर नमुना कित्येक दिवस पाणी बदलत भिजत ठेवा. कॅल्साइट असलेल्या नमुन्याला हे चालत नाही. कॅल्साइट काढून टाकायला काहीजण हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. शेजारी झिओलाइट असतील तर तेही त्यासोबत खराब होतात.

पैलूदार रत्नांसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ काढणारे) यंत्र हमखास सुचवले जाते. पाचू, ओपल आणि टांझानाइट त्यात कधीही घालू नका.

कपाटात ठेवलेला दगडही खराब होतो?

होतो, आणि नवख्यांना याचाच सर्वांत मोठा धक्का बसतो.

उजेड हा पहिला शत्रू. मनशीळ (रिअलगार) उजेडात हळूहळू पिवळ्या पुडीत बदलते. लालभडक स्फटिक खिडकीशी ठेवाल तर काही काळाने त्याचा भुगा उरेल. हिंगूळ (सिनाबार) काळपट पडतो. ॲमेथिस्टचा जांभळा रंग, कुन्झाइटचा गुलाबी आणि काही पुष्कराजांचा तपकिरी रंग कडक उन्हात फिका होतो. असे नमुने बंद खणात ठेवा.

दुसरा शत्रू दमट हवा. पायराइट, आणि त्याहून जास्त मार्कासाइट, ओलाव्यात प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यातून लोहाची सल्फेटे आणि गंधकाम्ल तयार होते. आधी कपाट उघडताच आंबूस, गंधकासारखा वास येतो. मग नमुन्याच्या भेगांत पांढरी-पिवळसर पूड दिसते. खोक्याचा पुठ्ठा जळाल्यासारखा तपकिरी होतो आणि चिठ्ठी तुकड्यांनी गळते. तोवर शेजारच्या कॅल्साइटलाही आम्ल लागलेले असते. असा नमुना दिसताच वेगळा काढा, पूड कोरड्या ब्रशने झाडा, आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक पायराइट वर्षानुवर्षे तगते. पण सगळीच पायराइट बिघडतात असे नाही. चकचकीत, घट्ट घनाकृती स्फटिक बहुधा सुखरूप राहतात, बारीक कणांचे गोळे मात्र दगा देतात.

काहींचे दुखणे उलटे असते. लॉमोंटाइट कोरड्या हवेत स्वतःतले पाणी गमावून भुसभुशीत होते. ओपलमध्येही पाणी असते, आणि ते झपाट्याने वाळले तर पृष्ठभागावर जाळीसारख्या भेगा पडतात. दिव्याखालची गरम काचपेटी त्याला मानवत नाही.

कोणती खनिजे धोक्याची आहेत?

हरताळ (ऑर्पिमेंट) आणि मनशीळ यांत आर्सेनिक आहे, हिंगुळात पारा, गॅलेनात शिसे. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, जवळ बसून खाऊ-पिऊ नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. यांना तापवू तर मुळीच नका. क्रायसोटाइल, क्रोसिडोलाइट अशा तंतुमय ॲस्बेस्टस खनिजांचा धोका श्वासातून असतो, म्हणून ती झाकणाच्या पारदर्शक डबीत बंद करून टाका आणि उघडूच नका. ऑटुनाइट, टॉर्बर्नाइट, युरेनिनाइट ही युरेनियमची खनिजे. त्यांच्यातून रेडॉन वायू सुटतो. छोटे, मोजके नमुने ठेवा, झोपायच्या खोलीत ठेवू नका आणि खण उघडताना खिडकी उघडी असू द्या. कोणताही दगड कापायचा वा घासायचा असेल तर पाणी सोडत घासा आणि मुखपट्टी लावा. साध्या क्वार्ट्जची बारीक धूळही फुप्फुसाला घातकच.

बनावट नमुने कसे ओळखावेत?

सगळ्यात जास्त चालणारी लबाडी म्हणजे डिंक. सुटा स्फटिक दुसऱ्याच खडकावर चिकटवून ‘मूळ जागी’ म्हणून देतात. भिंगाने स्फटिकाच्या बुडाशी बघा : नैसर्गिक स्फटिक खडकात शिरलेला, शेजाऱ्यांशी गुंतलेला असतो; चिकटवलेल्याच्या भोवती बारीक, चकचकीत कडा किंवा खडकाची पूड मुद्दाम दाबलेली दिसते. अतिनील टॉर्च मारला तर डिंक पुष्कळदा निळसर पांढरा चमकतो.

भडक गुलाबी किंवा निळ्या अकीकाच्या चकत्या बहुतेक रंगवलेल्या असतात. रंग भेगांत दाटलेला दिसतो. इंद्रधनुषी चमकेचे क्वार्ट्ज म्हणजे स्फटिकावर धातूचा पातळ थर. सोनेरी ठिपक्यांचा तांबूस ‘गोल्डस्टोन’ ही तांब्याचे कण असलेली काच. बिस्मथचे रंगीत पायऱ्यांचे स्फटिक भट्टीतले, मोरचुदाचे मोठे निळे स्फटिक बहुधा भांड्यात वाढवलेले. गडद नारिंगी टोके आणि पांढरे बूड असलेले ‘सिट्रीन’ जवळजवळ नेहमी तापवलेले ॲमेथिस्ट असते. यांतले काहीही आवडले तर जरूर ठेवा, फक्त चिठ्ठीवर खरे लिहा.

‘प्रक्रिया केलेले’ रत्न म्हणजे खोटे रत्न का?

नाही, पण सांगून विकलेले असले पाहिजे. माणिक-नीलम तापवून रंग सुधारण्याची रीत फार जुनी आहे आणि तो बदल टिकतो. पाचूच्या भेगांत तेल भरतात. ते कालांतराने वाळते. निळा पुष्कराज बहुतेक किरणोत्सर्ग आणि उष्णता यांनी निळा केलेला असतो. माझा आक्षेप आहे तो शिसेयुक्त काच भरलेल्या माणकांवर. भेगाळलेल्या, जवळजवळ टाकाऊ कुरुंदात काच मुरवून तो पारदर्शक करतात. त्या काचेला लिंबाचा रसही खातो, सोनाराची ज्योत तर लांबच. भिंगाखाली खडा हलवताना निळसर झळक आणि आत अडकलेले बुडबुडे दिसले की समजावे.

कृत्रिम आणि नकली यांतही घोळ नको. ऑग्यूस्त व्हेर्नॉय याने १९०२ मध्ये ज्योतीत वितळवून माणिक बनवण्याची पद्धत जाहीर केली. असे माणिक रसायनाने आणि रचनेने माणिकच, फक्त खाणीतले नाही. आतल्या वाढीच्या रेषा वळलेल्या असतात, निसर्गात त्या सरळ असतात. लाल काच मात्र निव्वळ नक्कल. आणि गैरसमजाला काळाचे बंधन नाही : ब्रिटिश राजमुकुटातले ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल हे वेगळेच खनिज आहे. मोठी रक्कम गुंतणार असेल तर डोळ्यांवर नव्हे, स्वतंत्र रत्नपरीक्षण प्रयोगशाळेच्या अहवालावर भिस्त ठेवा. अहवाल विकणाऱ्याचाच नको.

अतिनील दिवा घ्यावा का?

घ्या, मजा आहे. काही खनिजे त्याखाली स्वतःचाच प्रकाश देतात. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये या गुणाला फ्लोराइटवरूनच ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. ३६५ नॅनोमीटरचा लांब तरंगांचा टॉर्च सुरुवातीला पुरतो. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनचे विलेमाइट हिरवे आणि कॅल्साइट लाल पेटलेले पाहायचे तर २५४ नॅनोमीटरचा दिवा लागतो. त्याने डोळे भाजतात, म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय तो लावायचा नाही.

नमुना पडून तुटला. चिकटवावा का?

स्वच्छ तुटला असेल, तुकडे नेमके बसत असतील, तर चिकटवायला हरकत नाही. झटपट चिकटणारा डिंक टाळा; तो पिवळा पडतो आणि सांधा चुकला तर सोडवताना हाल होतात. संग्रहालयांत वापरतात ते पॅरालॉइड बी-७२ नावाचे चिकटद्रव्य ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते, म्हणून सांधा हवा तेव्हा सोडवता येतो. गहाळ भाग मात्र राळ किंवा रंग घालून ‘पूर्ण’ करू नका. तुकड्यांसोबतची चिठ्ठी त्याच वेळी काढा आणि तिच्यावर ‘दुरुस्त, अमुक टोक चिकटवलेले’ एवढे तारखेसह लिहा. पुढे हा नमुना अदलाबदलीत द्याल, तेव्हा घेणाऱ्याने विचारण्याची वाट न बघता ती ओळ त्याला दाखवा.